पहिला फोन लेकीले

नवा फोन बसवून झाला, पेचकस पिशवीत गेला, चहाचा कप समोर आला, की महादेवराव लाइनमन घरधन्याला आपलं ठरलेलं वाक्य ऐकवायचे, "पहिला फोन लेकीले लावा जी. बाकीचे मंग." लोक हसायचे, पण लावायचे. कोणाची लेक पुलगावला, कोणाची हिंगणघाटला. ट्रंक कॉल बुक करून तासभर ताटकळायचे, आणि एकदाचा लागला की सगळं घर रिसीव्हरवर तुटून पडायचं. वर्ध्यात आणि आसपासच्या गावांत महादेवरावांची ही ओळखच होती. खांबावर चढणारा आणि लेकीची आठवण करून देणारा माणूस.

आणि याच माणसाने स्वतःच्या लेकीचा फोन कापला होता.

झालं ते असं. त्यांची लेक नलू टायपिंग शिकायला जायची, तिथे तिला पुनाजी भेटला. पुनाजी जंगलखात्यात नोकरीला, कमी बोलणारा, सरळ मनाचा, गोंडाच्या घरचा. नलूने घरात सांगितलं तेव्हा महादेवराव म्हणाले, "आपण कोण, थे कोण?" यापलीकडे त्यांच्याजवळ बोलायला काही नव्हतं. एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात नलूने कचेरीत जाऊन लग्न केलं आणि त्याच दुपारी बापाला एक्स्चेंजमध्ये फोन लावला. टेस्ट डेस्कवर, म्हणजे लाइनी तपासायच्या टेबलावर, लक्ष्मणराव होता. त्याने हाक मारली, "काका, नलूचा फोन हाय." बातमी आधीच पोचली होती. खोलीतली सगळी माणसं हातातली कामं सोडून बघायला लागली. महादेवरावांनी रिसीव्हर कानाला लावला. तिकडून एवढंच आलं, "बाबा..." आणि इकडे ती सगळी तोंडं. महादेवरावांनी रिसीव्हर आदळला. घरी येऊन शपथ घातली, "या घरात तिचं नाव निघालं त माह्यं मेलेलं तोंड पाहान."

असली शपथ घालायला अक्कल लागत नाही. ती मोडायला मात्र जिगर लागते, आणि तेवढी महादेवरावांकडे नव्हती. खांबावर चढणारा हा माणूस लोकांना फार भ्यायचा.

तीन वर्षांनी ते रिटायर झाले. खात्याकडून नालवाडीच्या घरी फोन आला. काळा, जड, गोल चकतीचा. बैठकीत खिडकीखाली त्यांनी तो आपल्या हाताने बसवला. त्यांची बायको देवकाबाई पदराला हात पुसत आली आणि शांतपणे म्हणाली, "पहिला फोन लेकीले लावा म्हणता न लोकाईले?" महादेवरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. कंप्लेंटचा नंबर फिरवला, म्हणाले, "लाइन टेस्ट," आणि ठेवून दिला. त्या दिवसापासून देवकाबाईने त्या फोनला कधी हात लावला नाही. पुसायलासुद्धा नाही. धूळ सुनेने पुसायची.

नलूच्या ऑफिसचा नंबर महादेवरावांना पाठ होता. तो त्यांनी कोणाला विचारला नव्हता. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातून कंप्लेंट आली, फोन बंद म्हणून. हे गेले. टायपिस्टच्या टेबलावरचा फोन होता. टेबलामागची खुर्ची रिकामी होती. खुर्चीच्या पाठीवर शेंदरी स्वेटर. महादेवरावांनी तो लगेच ओळखला. देवकाबाईने विणलेला, एका बाहीचं माप चुकलेला. चपराशी म्हणाला, "मॅडम जेवाले गेल्या." महादेवरावांनी रोझेट, म्हणजे वायर जोडायची भिंतीवरची डबी, उघडला, गंजलेला स्क्रू बदलला, वायर घट्ट केली, टेस्ट केली. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले. जाता जाता स्वेटरची बाही खुर्चीवरून लोंबत होती ती वर ठेवली आणि खाली उतरले. जिन्यात त्यांना बसावं लागलं.

मग फोन का नाही केला? घर कधी रिकामं मिळालं नसेल का? मिळालं की! दोनदा मिळालं. दोन्ही वेळा चकतीत बोट घातलं आणि काढलं. वायरच्या दुसऱ्या टोकाला कोण कोण बसलेलं असतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? टेस्ट डेस्कवरून कोणाचीही लाइन ऐकता येते. लक्ष्मणराव ऐकेल, संध्याकाळपर्यंत एक्स्चेंजभर होईल, उद्या पानठेल्यावर. म्हातारा नाक घासत गेला म्हणतील. म्हणोत ना! पण नाही. लोकांनी तसं म्हणू नये म्हणून बिचाऱ्याने सात वर्षं घालवली.

अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्याच्या आठ दिवस आधी मुलगा बबन मस्कतहून सुटीवर आला, आणि त्याच्या बॅगेतून तो फोन निघाला. पांढरा, मनगटाएवढा रिसीव्हर, डोक्यावर चकचकीत काडी, ओढली की लांब होणारी. त्याला वायरच नव्हती; वायर होती ती फक्त त्याच्या खालच्या ठोकळ्याला, आणि तो ठोकळा घरातच राहायचा. बबन म्हणाला, "बाबा, हा घेऊन वावरात जा. त्या चिंचेखाली बसून बोला. आवाज येते."

"चिंचेपर्यंत?"

"त्याच्याही पुढं. पुस्तकात लिवलं हाय."

चिंच घराच्या मागे, परसाच्या काट्याच्या कुंपणापलीकडे, नाल्याच्या रस्त्याला. महादेवरावांनी खिडकीतून चिंचेकडे पाहिलं. चिंचेखाली बसून बोलायचं. बैठकीत बायको नाही, सून नाही, कोणी नाही. आता, शेवटी आवाज त्याच जुन्या वायरवरून त्याच एक्स्चेंजमध्ये जाणार होता, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण हातात वायर नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं, आपल्याला कोणी बांधलेलं नाही. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मनाशी म्हटलं, या दसऱ्याआधी लेकीशी बोलायचं. काय व्हायचं ते होऊ द्या.

पण फोन बसायला तर हवा! बबनने पुस्तक उघडलं आणि बापाला हात लावू देईना. "हे तुमच्या खात्याचं डबडं नाई बाबा, जपानी हाय." मस्कतच्या ठोकळ्याच्या वायरची टोकाची प्लास्टिकची चिमटी आपल्या रोझेटमध्ये कुठून बसणार? बबनने ती दाबली, फिरवली, शिव्या दिल्या. महादेवराव बाजूला उभे राहून बघत होते. तासाभराने बबन घामाघूम होऊन म्हणाला, "आपल्या इकडचं काईच धड नसते." तेव्हा महादेवराव खाली बसले, चिमटी कापून टाकली, आतल्या लाल-हिरव्या तारा दातांनी सोलल्या आणि रोझेटच्या दोन स्क्रूंखाली आवळल्या. जुना काळा फोन सुटला तो पेटीत गेला. ठोकळ्याच्या बुडाखाली एक बारीक खटका होता, त्यावर इंग्रजीत दोन अक्षरं, एक सुरांच्या एक्स्चेंजचं, एक टकटकीच्या. बबनने तो बघितलाच नव्हता. आपलं एक्स्चेंज जुनं, चकतीचं, त्याला टकटक लागते, हे म्हाताऱ्याला माहीत. त्यांनी नखाने खटका सरकवला. बबनला सांगितलं नाही. कशाला सांगायचं?

सुनेने, जयवंताने, फोनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आणि बबनने जाहीर केलं, "सोळा तास कोणीच हात लावाचा नाई. पह्यलं चार्जिंग पूर्ण झालं पाह्यजे. नाई त जन्मभर बॅटरी अर्धी राह्यते."

सोळा तास! आणि नालवाडीची लाइट. तीन तास झाले की गेली. बबन पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. संध्याकाळी आली, पहाटे पुन्हा गेली. महादेवराव बैठकीत खाटेवर बसून त्या लाल दिव्याकडे टक लावून. देवकाबाई म्हणाली, "कोंबडी बसली हाय का अंड्यावर? जेवाले चला." ते जेवायला गेले आणि अर्ध्या पानावरून दिवा बघायला उठले. तिने त्यांच्याकडे नीट बघितलं.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, दुपारी एकदाचे सोळा तास भरले. पहिला फोन कुठे लावायचा ते बबनने ठरवून ठेवलं होतं: हिंगणघाटला, सासऱ्याला. त्यासाठी एका मित्राला बघायला आणतो म्हणून तो गावात गेला. बैठकीत देवकाबाई आणि जयवंता दसऱ्याच्या शेवया वळत बसलेल्या. महादेवरावांनी खांद्यावर दुपट्टा टाकला, रिसीव्हर उचलला आणि लाइनमनच्या जुन्या आवाजात म्हणाले, "रेंज टेस्ट करून येतो."

"लवकर या जी, हे वरडतीन," जयवंता म्हणाली.

परसात कडुलिंबाखाली त्यांनी काडी पुरती ओढली. बटणं दाबली. आतून टकटक टकटक जुनी ओळखीची चाल गेली, आणि घंटी वाजायला लागली. चपराशाने उचलला. "टायपिस्ट मॅडमले द्या," महादेवराव म्हणाले.

"हॅलो?"

तोच आवाज. थोडा जाड झालेला.

"मी... मी बोलून राह्यलो."

पलीकडे टाइपरायटर वाजत होता, दुसऱ्या कोणाचा तरी.

"बाबा?"

"हो."

"आईले काई झालं का?"

बघा, बापाचा फोन आला तर पोरीला वाटावं, घरात कोणी मेलं. महादेवरावांना ते चरचरत गेलं. "नाई, नाई. सारे चांगले हाय. मी... असाच केला."

इतक्यात जयवंता परसातल्या नळावर भांडी घेऊन आली. महादेवराव चालायला लागले. कुंपणाच्या खिंडीतून बाहेर, चिंचेकडे. आवाज बारीक झाला, पण येत होता. नलू रडत नव्हती. हळू, जपून बोलत होती, जसं काही जोरात बोललं तर फोन फुटेल. म्हणाली, दोन खोल्या घेतल्या आहेत. ह्यांची बदली होणार होती ती थांबली. म्हणाली, "मले पोरगी हाय बाबा. पाच वर्साची."

पोरगी. पाच वर्षांची. महादेवराव चिंचेच्या मुळावर बसले.

"बाबा, ऐकून राह्यले न?"

"ऐकतो मा, बोल."

"तिले घेऊन येऊ का दसऱ्याले? सोनं द्याले? मी दारातूनच जाईन म्हणसान त. तिले आजा पाह्याचा हाय."

महादेवरावांच्या तोंडात 'ये' आलं होतं. पण आधी नाव विचारावं वाटलं. नात येणार, तिला हाक कशी मारायची? "नाव काय ठेवलं तिचं?" त्यांनी विचारलं, आणि त्याच क्षणी रस्त्यावरून सायकलची घंटी वाजली.

"राम राम महादेवराव! हातात काय जी थे?"

बंडूजी. त्यांच्याच भावकीतला, एका पायावर सायकल टेकवून उभा. सात वर्षांपूर्वी लग्नाची बातमी गावभर नेणारा हाच.

डोकं चालायच्या आधी हात चालला. महादेवरावांनी तळव्याने काडी खटकन आत ढकलली आणि रिसीव्हर दुपट्ट्याखाली घेतला. छातीशी. "काई नाई," ते म्हणाले, "बबनचं खेळणं हाय." बंडूजी विचारत राहिला, दसऱ्याला कुठे, बबन किती दिवस, आणलं काय काय. महादेवराव उत्तरं देत होते. छातीपाशी दुपट्ट्यात आधी बारीक खरखर होती. मग तीही नव्हती. बंडूजी हलला तसा त्यांनी फोन बाहेर काढला, काडी ओढली, कानाला लावला.

काहीच नाही. ना आवाज, ना टोन. तेवढ्या काडीवरच तर चिंचेपर्यंत आवाज टिकला होता.

ते धावले. साठी ओलांडलेला माणूस, पायातली चप्पल कुंपणात अडकून राहिली, एका पायाने अनवाणी कडुलिंबाखाली आला. टोन आला. बटणं दाबली. चपराशाने उचलला.

"मॅडमले द्या. मी आत्ता बोलत होतो."

पलीकडे हाताने झाकल्यासारखं झालं. मग चपराशी म्हणाला, "मॅडम म्हणते, राँग नंबर हाय."

"अरे राँग नाई! तिले सांग, बाप हाय म्हणा, लाइन..."

तिकडून ठेवला गेला. तो आवाज महादेवरावांनी आयुष्यभर ऐकला होता. आज पहिल्यांदा तो त्यांच्यासाठी होता. आणखी एकदा लावला. कोणी उचललाच नाही. तेवढ्यात बबन मित्राला घेऊन दारात उभा. "हात लावू नका म्हणलं होतं न बाबा! पह्यलाच फोन होता हा!"

त्या दिवशी त्यांना ऑफिसात जाता आलं असतं. नालवाडीहून ऑटोने किती वेळ लागतो? पण तिथे पुन्हा माणसं होती, टेबलं होती, आणि जिना होता. ते नाही गेले. त्यांनी ठरवलं, दसऱ्याला ती येईल. विचारलं तर होतं तिने. बापाने नाही कुठे म्हटलं?

शनिवारी देवकाबाई भाजीबाजारातून आली. पिशवी टेकवली, पाणी प्याली नाही, सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बुधवारी तुमी नलूले फोन केलता?"

या घरात ते नाव सात वर्षांत पहिल्यांदा निघालं. "तुले कोणं सांगतलं?"

"तिनं. दर शनवारी भेटतो आमी बाजारात. चार वर्सं झाले. पोरगी एक वर्साची होती तवापासून मांडीवर घेतो मी." देवकाबाईचा आवाज चढत नव्हता, तेच वाईट होतं. "मले वाटलं, तुमाले सांगून काय फायदा. अन् तुमी काय केलं? एक डाव कापला, थे तिनं गिळलं. आता दुसऱ्यांदा काऊन लावला? तिच्या तोंडून येऊ का म्हणवून घेऊन मंग कापाले? पोरगी ऑफिसात सगळ्याईसमोर हॅलो हॅलो करत राह्यली. 'बाबाले सांगजो, आता बस,' म्हणते."

"कापला नाई मी! देवका, तुह्या गळ्याची आन, कापला नाई. तुटला थो."

"ज्याले वायरच नाई, थो तुटला कसा?"

तीस वर्षं महादेवरावांनी लोकांना समजावून सांगितलं होतं, लाइन का तुटते. पाऊस, झाडाची फांदी, गंज, उंदीर. ते घाईघाईने सांगायला लागले. त्याले काडी असते. थे बाहेर राह्यली त आवाज पकडते. थे आत गेलती.

"आत कोणं ढकलली?"

महादेवरावांनी आपल्या तळव्याकडे पाहिलं. देवकाबाई वाट बघत उभी राहिली. मग तिलाही कळलं असावं, कारण ती हळूच म्हणाली, "कोण आलतं?"

"बंडूजी."

तिने मान हलवली, जणू दुसरं काही ऐकायची तिची अपेक्षाच नव्हती, आणि पिशवीतली मेथी निवडायला बसली. बऱ्याच वेळाने महादेवरावांनी विचारलं, "नाव काय हाय पोरीचं?"

"थे तुमाले सांगत होती न तिची माय," देवकाबाई मेथीवरून नजर न उचलता म्हणाली. "मले कायले पुसता?"

दसऱ्याला महादेवराव दिवे लागायच्या आधीपासून दारात खुर्ची टाकून बसले. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. लोक येत होते, आपट्याची पानं हातात ठेवून पाया पडत होते. रस्त्यावर लहान पोरगी दिसली की ते खुर्चीवरून अर्धे उठायचे. बंडूजीही आला. सोनं दिलं, गळाभेट घेतली, म्हणाला, "सोन्यासारखे राहा." महादेवरावांनी ती पानं मुठीत धरून ठेवली आणि बंडूजी वळल्यावर अंगणात टाकून दिली.

नलू आली नाही.

दुसऱ्या दिवशी बबनने फोन खोक्यात भरला. "तुमच्यानं हे सांभाळणं होत नाई बाबा. मी सासऱ्याले देऊन टाकतो." महादेवराव हो म्हणाले. पेटीतून काळा फोन काढला, दुपट्ट्याने पुसला, खिडकीखाली बसून दोन तारा दोन स्क्रूंखाली आवळल्या. नवा फोन बसला की टेस्ट करायची, जुना पुन्हा बसला तरी करायची. बोट चकतीत गेलं. जिनिंगच्या ऑफिसचा पहिला आकडा फिरवला, आणि थांबले. स्वयंपाकघरात देवकाबाईचं भांडं वाजायचं थांबलं होतं. त्यांनी फोन ठेवला, पुन्हा उचलला, कंप्लेंटचा नंबर फिरवला.

"लाइन टेस्ट," ते म्हणाले.

पलीकडे लक्ष्मणराव होता. त्याने खटके दाबले, ऐकलं, आणि आपुलकीने म्हणाला, "एकदम साफ हाय काका. तुमच्या लाइनमंदी काईच फॉल्ट नाई."